दोन घास खा आणि मग गोळी घ्या

आपल्याकडे कोणी औषधाची गोळी हातात घेतली की समोरचा माणूस एक वाक्य हमखास बोलतो. "उपाशीपोटी घेऊ नकोस हं. दोन घास खा आणि मग गोळी घे." हे वाक्य मला आजीने सांगितले, आईने सांगितले, कराडच्या आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याने तर प्रत्येक पुडीबरोबर फुकट दिले. २०१९ च्या उन्हाळ्यात बॉथेलच्या आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून मी स्वतः तेच वाक्य माझ्या वडिलांना रोज सकाळी ऐकवत होतो. एका बशीत अर्धी पोळी आणि साखरांबा, शेजारी गोळी आणि कोमट पाणी. आपण वडिलांची किती काळजी घेतो, असेच मला वाटत होते. त्या वाक्यावर मी विसंबलो आणि अण्णा हातचे जायची वेळ आली.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. दुसऱ्यांच्या कंपन्यांत जाऊन त्यांचे सॉफ्टवेअर का बिघडले हे शोधायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा माझा धंदा. गेल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत तीन निरनिराळ्या घरच्या आई-वडिलांशी गुडघ्यांवरून बोलणे झाले. तिघांच्याही पिशवीत तीच गोळी निघाली आणि तिघांनीही मला तेच वाक्य ऐकवले. तेव्हा स्मरणिकेसाठी लेख मागणाऱ्या संपादकांना 'या वेळी नक्की' असे सांगून टाकले.

अण्णा सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. बत्तीस वर्षे रस्त्यांवर काढली. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात दरड आली की रात्री-अपरात्री जीपमधून निघायचे ते दुसऱ्या दिवशी चिखलाने माखून परत यायचे. डांबर, खडी आणि रोलर यांवर ते अजूनही तासभर बोलू शकतात. नोकरीने निवृत्तिवेतन दिले आणि दोन्ही गुडघे घेतले. २०१५ मध्ये अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून रक्त पातळ राहावे म्हणून ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन रोज चालू होती. अमेरिकेत आले तेव्हा वय बहात्तर.

आपल्या आई-वडिलांच्या बॅगा तुम्हांला माहीतच आहेत. गोडा मसाला, ज्वारीचे पीठ, नातवंडांसाठी शंभर वस्तू आणि एक श्रीखंडाचा रिकामा डबा. त्या डब्यात सहा महिन्यांची औषधे. प्रवासी विम्याचा अर्ज भरताना मी फोनवर विचारून सगळ्या औषधांची यादी केली होती. रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची, ॲस्पिरिन. तीन नावे. डब्यात मात्र पट्ट्या चार प्रकारच्या होत्या. चौथी होती 'गुडघ्याची गोळी', डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली. ती यादीत का नव्हती? अण्णांच्या मते ते औषधच नव्हते. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, फाईल नाही, दुकानात जाऊन 'ती पिवळी पट्टी द्या' म्हटले की मिळते, ते औषध कसले? कायद्याने डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांना आपल्याकडे चिठ्ठी लागते, पण ती कोण मागतो हे तुम्ही जाणताच.

इथे आल्यावर गुडघ्यांची तक्रार वाढली. कारण साधे आहे आणि ते माझ्या लक्षात यायला महिना लागला. कराडचे घर बैठे. इथल्या घरात झोपायच्या खोल्या वर, स्वयंपाकघर आणि टीव्ही खाली. दिवसातून दहा वेळा जिना. वर नॉर्थ क्रीकच्या काठची पायवाट त्यांना इतकी आवडली की सकाळ-संध्याकाळ तिथे फिरायला जायचे. पाणी बघितले की त्यांना कृष्णा-कोयनेचा संगम आठवतो. रोज एकच्या जागी दोन गोळ्या घ्यायला लागले. मला मात्र एवढेच म्हणाले, "पट्ट्या पुरतील असं दिसत नाही."

मी लगेच इथले आयबुप्रोफेन आणून दिले. घाऊक दुकानात मिळणारी बादलीएवढी बाटली, केळी-दुधाच्या शेजारच्या रांगेत ठेवलेली. जे केळ्यांशेजारी मिळते ते किती वाईट असणार? दोनशे मिलिग्रॅमच्या दोन सकाळी, दोन संध्याकाळी. अर्थात खाऊन. माझा समज असा, की अण्णांनी आपली गोळी थांबवून ही सुरू केली. अण्णांचा समज असा, की मुलाने गुडघ्यांसाठी जास्तीचे काहीतरी आणून दिले. ते दोन्ही घेत राहिले. त्यात ॲस्पिरिन होतीच. म्हणजे एकाच कुळातली तीन औषधे, एकाच पोटात, पाच आठवडे.

त्या बाटलीच्या वेष्टनावर पोटातल्या रक्तस्रावाची सूचना ठळक छापलेली असते. वय साठ किंवा जास्त असेल, पूर्वी अल्सर झाला असेल, रक्त पातळ करणारे किंवा स्टेरॉइडचे औषध चालू असेल, याच प्रकारचे दुसरे औषध घेत असाल, रोज तीन किंवा जास्त पेले दारू पीत असाल किंवा सांगितल्यापेक्षा जास्त दिवस गोळी घेतलीत, तर धोका जास्त. दुखण्यासाठी दहा दिवसांपेक्षा जास्त घ्यायची झाल्यास डॉक्टरांना विचारा, असेही लिहिलेले असते. यातल्या निदान तीन ओळी अण्णांचे वर्णनच होत्या. नोकरीत मी तरुण मुलांना 'आधी माहितीपत्रक वाचा, मग मला विचारा' असे दिवसातून चारदा सुनावतो. घरी मी ते वाचले नाही.

आता जे सांगतो ते सांगायला मला अजूनही जड जाते.

जुलैच्या मध्यावर अण्णांना थोडी मळमळ, पोट भरल्यासारखे वाटू लागले. जळजळ नाही, दुखणे नाही. बायको म्हणाली, बाहेरचे खाणे झाले असेल. प्रत्येक अमेरिकन घरात पोटासाठी एक गुलाबी पातळ औषध असते, ते आम्ही दिले. चार दिवसांनी अण्णा मला बाजूला घेऊन, घरात सून आहे म्हणून आवाज खाली आणून, म्हणाले, "अरे, परसाकडे जरा काळी होतेय." मी बाटली उचलली. मागे लिहिले होते की या औषधाने जीभ आणि शौचाचा रंग तात्पुरता काळा होऊ शकतो, त्यात अपाय नाही. ते खरेच आहे, त्यातल्या बिस्मथने तसे होते. मी त्यांना ते वाचून दाखवले, भाषांतर करून सांगितले आणि दोघेही निर्धास्त झालो. त्याच बाटलीवर असेही छापले होते की अल्सर असेल किंवा शौच काळी होत असेल तर हे घेऊ नका, आणि यात ॲस्पिरिनच्या नात्यातला सॅलिसिलेट आहे. मला हवी होती ती ओळ मी वाचली आणि थांबलो. आमच्या धंद्यात याला नाव आहे. धोक्याचा दिवा लागतो, त्याचे एक सोपे कारण सापडते, आपण दिवा विझवतो आणि झोपायला जातो.

त्यानंतरच्या बुधवारी पहाटे साडेचारला न्हाणीघरात धपकन आवाज झाला. अण्णा खाली पडले होते, अंग गार, घामाने थबथबलेले, चेहरा कागदासारखा. ९११ ला फोन केला. काही मिनिटांत माणसे आली. रक्तदाब मोजताना त्यांनी एकमेकांकडे जे पाहिले ते मी पाहिले.

रुग्णालयात पहिला प्रश्न, दुखण्यासाठी काही औषध घेता का? मी भाषांतर केले. अण्णा म्हणाले, "नाही." दुसरा प्रश्न, शौचाचा रंग कसा? आता आली पंचाईत. फोनवर हिंदी दुभाषा मिळेल असे त्यांनी सुचवले होते, पण अण्णांचे हिंदी कराडच्या पुढे फारसे गेलेले नाही. खोलीत सून, एक तरुण परिचारिका आणि मी. अण्णांनी डोळे मिटले आणि बत्तीस वर्षांची नोकरी कामी आणली. "ताज्या डांबरासारखी. चकचकीत, चिकट." मी ते इंग्रजीत सांगताच डॉक्टरांची लिहिण्याची गती बदलली. वैद्यकाच्या पुस्तकातही याला डांबराचीच उपमा आहे, हे मला नंतर कळले. जठरात रक्त वाहिले, त्यावर आम्लाची आणि पाचकरसांची क्रिया झाली, की ते असे काळे होऊन बाहेर पडते. बिस्मथने किंवा लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण तिला हा चिकटपणा आणि तो उग्र वास सहसा नसतो. अण्णांना हा फरक पहिल्या दिवसापासून माहीत होता. मी विचारला नाही आणि त्यांनी संकोचाने सांगितला नाही.

हिमोग्लोबिन ७.१ निघाले. दोन बाटल्या रक्त दिले. दुपारी दुर्बीण घालून पाहिले तर जठराच्या खालच्या भागात सुमारे दीड सेंटिमीटरचा व्रण, तळाशी एक उघडी रक्तवाहिनी. तिथे इंजेक्शन देऊन एक बारीक चिमटा बसवला. तेवढ्याने रक्त थांबले.

संध्याकाळी पोटाच्या डॉक्टर बाई आल्या. मी त्यांना जवळजवळ भांडायच्या सुरात सांगितले, "पण ते नेहमी खाऊन गोळी घ्यायचे!" त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर जठराचे चित्र काढले.

आपल्या जठरातले आम्ल मांस शिजवल्यासारखे विरघळवू शकते. मग ते जठरालाच का खात नाही? कारण आतल्या अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो, त्याखाली आम्ल मारणारा क्षार असतो आणि अस्तराला भरपूर रक्तपुरवठा असतो. ही सगळी डागडुजी चालू ठेवायचा निरोप प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये देतात. गंमत अशी, की गुडघ्यात सूज आणि ठणका आणणारीही याच कुळातली द्रव्ये. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार करणारे विकरच बंद पाडतात. गुडघा थांबतो आणि जठराची राखणही थांबते. शेजाऱ्याचा भोंगा बंद करायला आपण सगळ्या आळीचा फ्यूज काढावा, तसे.

आणि मुख्य गोष्ट ही, की हे काम गोळी जठरात पडल्या जागी करते ते थोडे, रक्तातून करते ते जास्त. म्हणून तेच औषध इंजेक्शनने घेतले किंवा गुदमार्गे घेतले तरी अल्सर होऊ शकतो. आतड्यात विरघळणारे आवरण असलेल्या ॲस्पिरिननेही रक्तस्राव टळत नाही. खाऊन घेतल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते. तेवढाच उपयोग. अल्सर थांबत नाही. उलट जळजळ नाही म्हणून माणूस निश्चिंत राहतो. म्हाताऱ्या माणसांत तर पुष्कळदा काहीच दुखत नाही, दुखणे मारणारे औषध पोटात आहेच, आणि पहिले लक्षण म्हणजे थेट रक्तस्राव.

नंतर मी यावर बरेच वाचले. अपराधी माणूस वाचतो. ॲस्पिरिन घेतल्यावर जठराचे अस्तर लाल होते हे लंडनच्या दोन डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून १९३८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले होते. का होते, ते १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले, त्याबद्दल त्यांना १९८२ चे नोबेल विभागून मिळाले. १९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या एका लेखात अंदाज होता की अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णांमध्ये या गोळ्यांच्या पोटातल्या दुष्परिणामांनी वर्षाला सुमारे १६,५०० माणसे दगावतात. हा आकडा जास्त धरला आहे असे पुढे काहींचे म्हणणे पडले. निम्मा धरला तरी मला पुरे.

मग पोटाला न दुखवणारी नवी गोळी काढायचे प्रयत्न झाले. त्यांतले रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये वाजतगाजत आले आणि हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून ३० सप्टेंबर २००४ ला कंपनीने जगभरातून मागे घेतले. त्याच कुळातले सेलेकॉक्सिब मात्र टिकून आहे.

इथे जरा विषयांतर करतो, कारण त्याचा संबंध आपल्या राज्याशी आणि आपल्या देशाशीही आहे. २००४ च्या सुरुवातीला मी पुलमनला वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत एम. एस. करत होतो. तिथल्याच पशुवैद्यक विभागातल्या लिंडसे ओक्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी 'नेचर'मध्ये दाखवून दिले की भारतीय उपखंडातली गिधाडे डायक्लोफेनॅकने मरत आहेत. दुखणाऱ्या गुराला ते औषध द्यायचे, गुरू मेले की गिधाडे ते खायची आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी व्हायची. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवायला बंदी केली. मला ती बातमी आठवते, आम्ही देशी मुलांनी कॉफी पिताना त्यावर चर्चाही केली होती. पंधरा वर्षांनी तेच औषध माझ्या घरातल्या श्रीखंडाच्या डब्यात होते आणि मला ते नाव ओळखीचे वाटले नाही. मूत्रपिंडाचे म्हणाल तर माणसांतही, विशेषतः वय झालेले, रक्तदाबाची औषधे घेणारे असतील तर, या गोळ्या त्यावर ताण आणतात. अण्णांचे क्रिएटिनिनही वाढलेले निघाले. सुदैवाने ते उतरले.

आता ज्यांना ही औषधे घेतल्यावाचून गत्यंतर नाही त्यांनी काय करायचे? मी डॉक्टर बाईंना हाच प्रश्न विचारला आणि उत्तर लिहून घेतले. पहिले म्हणजे, खरेच गत्यंतर नाही का ते पाहायचे. एका सांध्याचे दुखणे असेल तर डायक्लोफेनॅकचा लेप चोळता येतो, तो रक्तात फार थोडा उतरतो. त्या वेळी त्याला इथे चिठ्ठी लागायची, फेब्रुवारी २०२० पासून तो चिठ्ठीशिवाय मिळू लागला. नुसते पॅरासिटामॉल, म्हणजे तिकडचे क्रोसिन आणि इकडचे टायलेनॉल, जठराला असे इजा करत नाही. मात्र त्याची मर्यादा यकृताने घालून दिलेली आहे. निरोगी प्रौढालाही दिवसाला चार ग्रॅमच्या वर नाही, वय झालेल्यांना त्याहून कमी, आणि सर्दीच्या औषधांतही ते दडलेले असते हे विसरायचे नाही.

गोळी घ्यावीच लागली तर एकच, कमीत कमी मात्रेची, कमीत कमी दिवस. नावांना फसायचे नाही. ब्रुफेन, ॲडव्हिल, मोट्रिन, कॉम्बिफ्लॅम या सगळ्यांत आयबुप्रोफेनच आहे. अलीव्ह म्हणजे नॅप्रॉक्सेन. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत मूळ औषधाचे नाव असते, ते चष्मा लावून वाचायचे. सांधेदुखीच्या काही 'देशी' पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. स्टेरॉइड आणि ही गोळी एकत्र आली की पोटाचा धोका आणखी वाढतो.

आणि ज्यांचे वय पासष्टच्या पुढे आहे, पूर्वी कधी अल्सर झाला आहे, ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारायचे, 'माझ्या पोटाच्या संरक्षणासाठी काय देता?' ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही आम्ल बनवणारे पंप बंद करणारी औषधे त्यासाठीच दिली जातात. ती घ्यायची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपण नेमके उलटे करतो. ही गोळी उपाशीपोटीच घ्यायची, न्याहारीच्या अर्धा-एक तास आधी. जेवणाने पंप जागे होतात, त्या वेळी औषध रक्तात हजर पाहिजे. अण्णांच्या डब्यात ॲसिडिटीसाठी रॅनिटिडिनची पट्टी होती आणि ती अधूनमधून, जेवणानंतर घेतली जायची. नेहमीच्या मात्रेत ते औषध जठराच्या अल्सरपासून पुरेसे वाचवत नाही, हे तेव्हा कळले. (पुढे एप्रिल २०२० मध्ये, त्यात एक अपायकारक घटक आढळल्यामुळे, इथल्या सरकारने ते बाजारातून काढायला सांगितले, ती गोष्ट वेगळी.) मिसोप्रोस्टॉल नावाचे आणखी एक औषध आहे, ते प्रोस्टाग्लँडिनची कमी भरून काढते. पण त्याने जुलाब होतात आणि गर्भवतीला ते चालत नाही, म्हणून कमी वापरतात.

ही आम्लाची औषधे वर्षानुवर्षे घेतली तर बी-१२ कमी होऊ शकते. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींचे ते आधीच तळाला असते, तेव्हा तपासत राहायचे. पण तेवढ्यासाठी घाबरून मनाने बंद करायची नाहीत. माझ्या ओळखीत निम्मी माणसे वेदनाशामक मनाने सुरू करतात आणि निम्मी संरक्षक गोळी मनाने बंद करतात.

एक तपासणी मात्र आपल्या लोकांनी आवर्जून करून घ्यावी असे मला वाटते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरात राहणारा जंतू. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये तो शोधला. कोणी विश्वास ठेवेना म्हणून १९८४ मध्ये मार्शलनी तो स्वतः पिऊन दाखवला, २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. आपण ज्या देशातून आलो तिथे हा जंतू फार पसरलेला आहे, बहुधा लहानपणीच लागतो आणि कित्येकांना जन्मभर कळतही नाही. जंतू आणि गोळ्या एकत्र आल्या की अल्सरची शक्यता आणखी वाढते. श्वासाची किंवा शौचाची साधी तपासणी असते, पण त्याआधी दोन आठवडे ओमेप्राझोलसारखी औषधे बंद ठेवावी लागतात, नाहीतर जंतू लपून राहतो. अण्णांच्या जठरातल्या तुकड्यात तो सापडला. दोन आठवडे औषधांचा मारा झाला.

घरी सोडताना एका गोष्टीवरून आमचे थोडे वाजले. हृदयाच्या डॉक्टरांनी तिसऱ्याच दिवशी ॲस्पिरिन पुन्हा सुरू करायला सांगितली. मी म्हटले, जिने रक्त काढले तीच परत? त्यांनी समजावले, की या माणसाच्या हृदयात स्टेंट आहे, ॲस्पिरिन बंद ठेवली तर पोट वाचेल आणि हृदय जाईल. ॲस्पिरिन राहील, सोबत पँटोप्राझोल जन्मभर राहील, बाकीच्या दोन गोळ्या कायमच्या बंद. मी सेलेकॉक्सिबबद्दल विचारले, कारण तोवर हाँगकाँगचा २०१७ चा एक अभ्यास वाचला होता. अगदी अण्णांसारखीच माणसे, पूर्वी रक्तस्राव झालेली, ॲस्पिरिन आणि सांधेदुखीची गोळी दोन्ही लागणारी. सर्वांना संरक्षक औषध दिले होते. दीड वर्षात सेलेकॉक्सिबवाल्यांपैकी ५.६ टक्क्यांना आणि नॅप्रॉक्सेनवाल्यांपैकी १२.३ टक्क्यांना पुन्हा रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, आकडे बरोबर आहेत, पण संरक्षण असूनही शंभरात पाच-सहा जणांना पुन्हा झालाच ना? गुडघ्यांसाठी तेवढी जोखीम आपण घेऊ नये. मला ते पटले.

मग गुडघ्यांचे काय? अण्णांची खोली आम्ही खाली, माझ्या कामाच्या खोलीत आणली. मी माझे दोन पडदे उचलून वर गेलो. हे पहिल्या आठवड्यात सुचले असते तर पुढचे काही झाले नसते असे बायको म्हणते आणि त्यावर मी गप्प बसतो. व्यायामवाल्या बाईंनी मांडीच्या स्नायूंचे चार प्रकार शिकवले. लेप आला. काठी नको म्हणत होते, मग नातीने रंगवून दिल्यावर घेतली. दुखणे गेले नाही, निम्म्यावर आले.

विम्याचे पुढे आठ महिने चालले. त्यात काय काय झाले ते लिहायला दुसरी स्मरणिका लागेल.

परत जाताना अण्णांनी श्रीखंडाचा डबा धुऊन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तूच भर." मी प्रत्येक पट्टीवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या. कशासाठी, केव्हा, जेवणाआधी की नंतर. एक यादी त्यांच्या खिशात, एक माझ्या फोनमध्ये. 'गुडघ्याची गोळी'ही यादीत आहे, लाल शाईने काट मारलेली, म्हणजे विचारले तर 'नाही' असे न सांगता 'घेत होतो, बंद केली' असे सांगता येईल.

आता अण्णा अठ्ठ्याहत्तरच्या पुढे गेले आहेत. संध्याकाळी प्रीतिसंगमावर त्यांच्यासारख्या गुडघेवाल्यांचा एक बाक ठरलेला आहे. रविवारी व्हिडिओवर बोलताना मागून वाऱ्याचा आवाज येतो आणि मध्येच ते फोन तसाच धरून कोणाशी तरी बोलायला लागतात. मागच्या महिन्यात असेच झाले. बाकावर कोणी नवीन गृहस्थ आले होते, गुडघा चोळत होते. अण्णांनी आधी त्यांना पट्टी दाखवायला लावली, चष्मा वर करून मागचे नाव वाचले, मग चारचौघांत, पूर्वी जे माझ्या कानातही नीट बोलले नव्हते ते खणखणीत आवाजात विचारले, "परसाकडे कशी होते? साधी, की डांबरासारखी?"

ते गृहस्थ उठून जायच्या बेतात होते. अण्णांनी हाताने बसवले आणि मला म्हणाले, "मी तुला नंतर करतो फोन."